कसणाऱ्याची जमीन, सदस्याचे मत: स्वतंत्र पक्षाच्या तत्त्वपत्रिकेवर भाष्य

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच वर्षी ४ जूनला राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) मद्रासमध्ये नव्या स्वतंत्र पक्षाची घोषणा केली आणि ऑगस्टच्या आरंभी मुंबईच्या अधिवेशनात पक्षाने आपली एकवीस तत्त्वे मान्य केली. एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मिनू मसानी सरचिटणीस. भारतातल्या उजव्या, पुराणमतवादी राजकारणाचा विषय निघाला की अभ्यासक आधी या पक्षाकडे वळतात. पण पत्रिका मात्र फारशी कुणी वाचत नाही. खाली सगळी एकवीस तत्त्वे घेतलेली नाहीत. पक्ष ज्यांवर उभा राहिला आणि ज्यांवर अडखळला, तेवढीच घेतली आहेत. आशय पत्रिकेचा, शब्द माझे.

पहिले तत्त्व: धर्म, जात, व्यवसाय किंवा राजकीय मत यांवरून भेद न करता सर्वांना सामाजिक न्याय आणि समान संधी.

धर्म आणि जात सगळेच पक्ष लिहितात. ‘राजकीय मत’ मात्र मुद्दाम घातलेले आहे. परवाना, परमिट, कोटा या गोष्टी सत्ताधारी पक्षाच्या हाती असल्या की मतावरून माणसाची अडवणूक करता येते, हे या लोकांनी पाहिले होते. ‘परमिट-लायसन्स राज’ हा राजाजींचा शब्दप्रयोग याच अनुभवातला.

दुसरे तत्त्व: प्रगती माणसाच्या स्वतःच्या उमेदीवर अवलंबून असते, म्हणून व्यक्तीला जास्तीत जास्त स्वातंत्र्य आणि सरकारचा कमीत कमी हस्तक्षेप. मात्र समाजविघातक कृत्ये रोखणे, दुर्बलांचे रक्षण करणे आणि उमेदीला वाव मिळेल अशी परिस्थिती घडवणे ही सरकारची कामे.

पक्षाचे टीकाकार आणि चाहते दोघेही या तत्त्वाचा पूर्वार्ध सांगतात आणि ‘मात्र’च्या पुढचे गाळतात. सरकार निघून जावे असे इथे म्हटलेलेच नाही. सरकारने कुठे असावे, याची तीन ठिकाणे नेमकी नोंदवली आहेत. राजाजींनी हे आधी करूनही दाखवले होते. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी तांदळावरची नियंत्रणे उठवली, ती पुस्तकी सिद्धांतापोटी नव्हे, तर व्यापार मोकळा झाला की धान्य बाजारात येईल या हिशेबाने.

तिसरे तत्त्व: धनवानांनी आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, सरकारने ही नैतिक जाणीव वाढीस लावावी.

ही गांधींची विश्वस्त कल्पना. पत्रिकेतली सर्वांत कच्ची ओळ मला हीच वाटते. विश्वस्ताने ठेव खाल्ली तर काय, याचे उत्तर ती देत नाही. त्यात पक्षाच्या पहिल्या रांगेत जयपूरच्या गायत्रीदेवी, ओडिशात संस्थानी घराण्यातले आर. एन. सिंहदेव अशी मंडळी आली. राजस्थान आणि ओडिशात त्याचे बळही मिळाले. १९६७ मध्ये ओडिशात सिंहदेव मुख्यमंत्री झाले. पण कुळाच्या कानाला विश्वस्ताची भाषा जमीनदाराच्याच तोंडून ऐकू आली, आणि तिथे तिचा भरवसा संपला.

मालमत्तेचे तत्त्व: संविधान मूळ स्वीकारले गेले तेव्हा मालमत्ता, व्यापार आणि रोजगार यांबद्दल दिलेली हमी पाळावी, सक्तीने घेतलेल्या मालमत्तेची न्याय्य भरपाई द्यावी.

इथे ‘मूळ’ हा शब्द साऱ्या पत्रिकेचा कणा आहे. या पक्षाला जुना समाज राखायचा नव्हता. राखायचा होता तो १९५० चा करार. मात्र जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली तेव्हा राजाजी स्वतः केंद्रात गृहमंत्री होते, हे भाष्यकाराने झाकू नये. आठ वर्षांनी त्यांनी मागितलेली हमी काही प्रमाणात त्यांच्याच मंत्रिमंडळाने सैल केली होती. पुढची लढाई पक्षातल्या लोकांनी न्यायालयात नेली. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला आव्हान देणारे रुस्तम कूपर याच पक्षाचे. नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला.

शेतीचे तत्त्व: उत्पादन वाढेल ते आपल्या जमिनीत स्वतः राबणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून, मालकी, व्यवस्थापन आणि कसणूक यांना हात न लावता त्याला प्रोत्साहन द्यावे.

पक्ष जन्मला तो याच ओळीसाठी. नागपूरच्या ठरावात मालकी कागदावर शेतकऱ्याकडेच राहणार होती, पण जमिनी एकत्र करून कसायच्या होत्या. पत्रिका म्हणूनच ‘मालकी’वर थांबत नाही. पेरायचे काय, कधी आणि कसे, हा निर्णय ज्याच्याकडे नाही त्याचा सातबारा नुसता कागद, हे तिला कळले होते. रंगा आंध्रातले शेतकरी नेते, त्यांची छाप इथे स्पष्ट दिसते. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने घटनेतल्या ‘इस्टेट’च्या व्याख्येत रयतवारी जमीन आणली, तेव्हा पक्ष कडाडून विरोधात उभा राहिला.

मग रयतवारीच्या महाराष्ट्रात या पक्षाला मुळे का धरता आली नाहीत? संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन, यशवंतराव चव्हाणांची काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष ही कारणे आहेतच. मला मोठे कारण प्रवरेत दिसते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्यात कारखाना सर्वांचा होता, पण ऊस ज्याच्या त्याच्या रानातला. बांध कुणी मोडला नाही. म्हणजे स्वतंत्र पक्षाचे तत्त्व महाराष्ट्रात पाळले जात होते, आणि ते काँग्रेसवालेच पाळत होते. इथल्या शेतकऱ्याला सहकाराची भीती दाखवून काय उपयोग होता? पुढे शरद जोशींनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न हाती घेतला आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा हाच धागा मराठी मातीत वेगळ्या टोकाने आला.

शेवटचे तत्त्व: या मूलतत्त्वांबाहेरच्या प्रत्येक प्रश्नावर सदस्याला मताचे पूर्ण स्वातंत्र्य.

पक्षादेशाने आमदार-खासदार बांधले गेलेल्या आजच्या काळात ही ओळ वाचताना मन भरून येते. पण ती लिहिणारा पक्ष फार काळ टिकला नाही. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४ जागांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष, आणि १९७१ मध्ये अवघ्या ८. राजाजी १९७२ मध्ये गेले. १९७४ मध्ये पक्ष चरणसिंहांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. मुंबईतल्या काही जणांनी ते विलीनीकरण मानले नाही. पुढे नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा व्यक्त करावी अशी अट लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ मध्ये आली, तेव्हा याच लोकांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या पत्रिकेने स्वतःच्या सदस्यालाही मतभेदाची मुभा दिली, तिच्या अनुयायांना विरोधी विचाराची शपथ घेतल्याशिवाय स्वतःच्या पक्षाच्या नावाने निवडणूक लढवता येईना.