छोट्या लाईनचा मालडबा

पांढुर्णा आणि सौंसर शेजारी-शेजारी, २०२३ पासून तर एकाच जिल्ह्यात. पण रेल्वेशी दोघांचं नातं वेगळं. पांढुर्ण्याहून इटारसी-नागपूरची मोठी लाईन जाते. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना ही गावं मात्र शंभरएक वर्षं छोट्या लाईनची. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनचं १६७६. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यात ही अरुंद लाईन पसरवली. आपला नागपूर-छिंदवाडा मार्ग २०१५ च्या अखेरीस बंद झाला आणि त्याची मोठी लाईन झाली.

भिमालगोंदीच्या घाटाच्या आठवणी घरोघरी निघतात. मालडब्याची आठवण कोणी काढत नाही. पण ही लाईन घाटाची शोभा दाखवायला टाकलेली नव्हती. धान्य, जंगलातलं लाकूड आणि सौंसर तहसिलीतलं मँगनीज बाहेर काढायचं, तर डबे हवे होते. काचीढाणा, गोवारी वढोणा, सीतापार ही नावं मँगनीजच्या जुन्या अहवालांत सापडतात. सीतापारच्या एका खनिजाला फर्मोर या भूशास्त्रज्ञाने ‘सीतापाराइट’ असं नावही दिलं होतं. पुढे ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं आणि आपल्या गावाचं नाव मागे पडलं! छोट्या डब्यातला माल मोठ्या लाईनवर न्यायचा, तर तो उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. ते काम हमालांच्या पाठीवर.

अडीच फुटी लाईनवर मोठा भार कसा न्यायचा, याचं शहाणपण आपल्याच मराठी मुलखात आधी सिद्ध झालं होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे बांधली. कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंतचा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. त्याचा हिशोब साधा होता: कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, म्हणजे हलका रूळही टिकतो. चार आसांचा डबा घेतला की मालासकट वीस टन. डबा स्वतः जितका हलका, तितका माल जास्त. म्हणून त्याने दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे केले, सगळे २५ फूट लांबीचे, आणि त्यांवर गरजेप्रमाणे उघडे किंवा बंद डबे चढवले. जाड तुळया घालून डबा भक्कम करणं कोणालाही जमतं. हलका ठेवून भक्कम करणं ही खरी इंजिनिअरी.

असा डबा समजून घ्यायचा उत्तम मार्ग म्हणजे त्याची मोठी प्रतिकृती सुट्या सामानातून स्वतः घडवणं. तयार संच आणून जोडणं वेगळं. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी नंदी सुतार असाच शून्यातून करतो. फुटाला एक इंच हे प्रमाण मला सर्वांत सोयीचं वाटतं. अडीच फुटांची लाईन अडीच इंचांची होते, २५ फुटांचा डबा २५ इंचांचा. गुणाकार-भागाकाराची कटकट नाही. डबा सात फूट रुंद धरला, तर अडीच इंचांच्या रुळावर सात इंचांचा डबा उभा राहतो. तेव्हा डोळ्यांना कळतं की खरा डबा किती तोलून चालत असेल, आणि माल एका बाजूला कलता भरू नये याचं महत्त्व काय.

सामान बाजारातच मिळतं. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या मोहात पाडतात, पण त्यांच्या रेषा एवढ्या जाड की लहान डब्यावर त्या भेगांसारख्या दिसतात. हळदूचं लाकूड बारीक पोताचं, ते बरं. सांगाड्याला पितळी पत्रा. रिव्हेटचं खरं डोकं सव्वा इंचाचं असेल, तर इथे ते अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं. पत्र्याच्या मागून बोथट खिळ्याने एकेक उठवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण नेमका कुठे जोड होता आणि का, हे त्यातच उमगतं.

अक्षरं लिहितानाही इतिहास माहीत हवा. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारने घेतली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, २००३ मध्ये आपला भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला. डब्यावर ‘बीएनआर’ लिहिलं की बाकीचं सगळं त्याच काळाचं असायला हवं.

अडचण मापांची आहे. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाईनचं संग्रहालय आहे, ते मुलांना जरूर दाखवावं. पण कुठल्याही संग्रहालयात पहिला मान इंजिनाला मिळतो. मालडबे एकासारखे एक, म्हणून भंगारात जाताना कोणाला हळहळ वाटली नाही. आता आधार जुन्या फोटोंचा. डब्याची टोकाकडची बाजू समोरून टिपलेली असेल आणि चाकांखालचे दोन्ही रूळ दिसत असतील, तर ७६२ मिलिमीटर ही माहीत असलेली पट्टी हाती येते. तिच्यावरून डब्याची रुंदी, उंची, दाराचं माप काढता येतं. तिरक्या फोटोवरून हे नीट जमत नाही.

ज्यांच्या घरी सौंसर, रामाकोना किंवा लोधीखेडा स्टेशनवरचे, लग्नाच्या वऱ्हाडाचे, बदलीच्या निरोपाचे जुने फोटो असतील, त्यांनी या दिवसांत पेटी उघडून माणसांच्या मागे काय उभं आहे तेही पाहावं. डबा दिसला तर फोटोची प्रत मंडळाकडे द्यावी, मागे साल आणि स्टेशन लिहून. मूळ फोटो घरीच राहू द्यावा.