बंड्या कँटनला पोचतो

आमच्या हिंजवडीत संध्याकाळ होत नाही. ऑफिसं सुटतात, सगळ्या गाड्या वाकडच्या पुलाकडे तोंड करून उभ्या राहतात आणि त्या हलेपर्यंत रात्र झालेली असते. अशाच एका न झालेल्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचा बंड्या कॉलेजच्या मुलांबरोबर दहा दिवस चीनला गेला होता. विमान ग्वांगचौला केव्हाच उतरलं, पण पठ्ठ्याचा निरोप नाही. हॉटेलच्या वायफायवर आपलं व्हॉट्सॲप चालत नाही आणि त्यांचं वीचॅट आपल्याकडे २०२०पासून बंद. यापेक्षा मधला हिमालय परवडला!

"भाऊजी, तुम्ही इतिहासवाले. आपलं कुणी पूर्वी गेलंय का हो तिकडे?"

निवृत्त इतिहास मास्तरला असं विचारणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक काढण्यासारखं आहे. मी सुटलो.

"१ सप्टेंबर १९३८. मुंबईहून 'राजपुताना' बोट निघाली. जपाननं चीनवर हल्ला केलेला, जखमींसाठी काँग्रेसनं पाच डॉक्टर धाडले. अटल म्होरके, बसू आणि मुखर्जी बंगाली, आणि दोघे आपले: नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस."

एका बोटीवर दोन मराठी माणसं असूनही पथकात फूट पडली नाही, याची इतिहासकारांनी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

"१७ तारखेला कँटनला पोचले. कँटन म्हणजेच आपल्या बंड्याचं ग्वांगचौ! स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी, सूंग छिंग-लिंग, स्वतः हजर."

"अगं बाई! आणि जेवणाखाण्याचं?"

जेवणाचं काय घेऊन बसलात? शहरावर जपानी बॉम्ब पडत होते. परक्या गावात पहिल्या संध्याकाळी आपण चहाची टपरी शोधतो, तिथं आधी आडोसा पाहून ठेवायचा. महिन्याभरात, २१ ऑक्टोबरला, शहर जपान्यांच्या हाती गेलं. तोवर पथक पुढे गेलं होतं. त्याच गावात आता सहाशे मीटरचा मनोरा रात्री रंग बदलतो आणि पोरं त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. पण यातलं बॉम्बचं मी वहिनींना सांगितलं नाही.

"मग आले ना सगळे परत?"

सत्तावीस वर्षांचे कोटणीस निघाले होते. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते थांबले. १९४१ साली क्वो छिंग-लान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ते पोर काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ला कोटणीस गेले.

"चौघे आले," मी म्हणालो, "आणि कोटणीसांनी तिकडेच संसार थाटला." छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतिहासाची एवढी काटछाट मी कधी केली नव्हती.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. मित्राच्या रोमिंगवरून बंड्याचा निरोप: 'पोचलो. भात मिळाला. काड्यांनी खाल्ला. अर्धा शर्टावर.'

वहिनी हसल्या, डोळे पुसले आणि निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "भाऊजी, नाव ऐकल्यावर आठवलं मला. शांतारामांचा सिनेमा आमच्या आजीनं पाहिला होता. दोन दिवस जेवली नव्हती."