ॲक्सोलोटल : वय आणि वाढ

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोच्या सरोवर-कालव्यांतला सॅलमँडर कुळातील उभयचर प्राणी. शास्त्रीय नाव ॲम्बिस्टोमा मेक्सिकॅनम. निसर्गात तो अतिसंकटग्रस्त असून पाळीव ॲक्सोलोटल बंदिवासातल्या पैदाशीतून येतात.

नवा आणलेला ॲक्सोलोटल किती वयाचा, हे सांगणे अवघड, कारण त्याच्या आयुष्यात ठळक वळणच येत नाही. शेपूट शरीरात शोषले गेले की बेडकाचे डिंभपण संपते. ॲक्सोलोटल मात्र कल्ले आणि शेपटीचा पर राखूनच वयात येतो. रूपांतर होते ते क्वचित.

पहिल्या काही महिन्यांत अंदाज बऱ्यापैकी जमतो. अंड्यातून साधारण दोन ते तीन आठवड्यांनी बाहेर पडणारे पिल्लू सुमारे एक सेंटिमीटरचे असते, त्याला पाय नसतात. आधी पुढचे पाय फुटतात, मागचे नंतर. बेडकाच्या डिंभात मागचे पाय आधी दिसतात. मागच्या पायांचीही बोटे पूर्ण दिसू लागली, की हा मापदंड संपला.

त्यानंतर विक्रेते लांबीवरून महिने सांगतात, त्यावर फार विसंबू नये. एकाच दिवशी फुटलेल्या अंड्यांतली पिल्लेही खाद्य, तापमान आणि गर्दीनुसार वेगवेगळ्या वेगाने वाढतात. अर्धपोटी राहिलेला मोठा प्राणी लहान वाटतो. डोके धडापेक्षा बरेच रुंद दिसले तर वयाआधी उपासमारीची शंका घ्यावी. आखूड पाय हीदेखील फसवी खूण आहे. पिल्ले एकमेकांचे पाय तोडतात, पाय पुन्हा उगवतो आणि काही काळ इतरांपेक्षा लहान राहतो. कल्ल्यांच्या झुपक्यांवरही पाण्याचा परिणाम होत असल्याने ते वयाचा पुरावा ठरत नाहीत.

वयात येण्याची खूण अधिक भरवशाची. सुमारे १८ सेंटिमीटरच्या पुढे, बहुधा सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान, नराच्या मागच्या पायांमागे अवस्कराभोवती (उत्सर्जन-जननाच्या समाईक द्वाराभोवती) ठळक फुगवटा येतो. मादीत तो कमी असतो आणि धड रुंद होते. फुगवटा नसलेला लहानसा प्राणी मादी समजून घेतला जातो आणि पुढे नर निघतो, हे नेहमीचेच.

प्रौढाची लांबी सहसा २० ते ३० सेंटिमीटर. तोपर्यंत वाढ मंदावलेली असते, त्यामुळे दोन वर्षांचा की सहा वर्षांचा, हे बाहेरून ओळखता येत नाही. बंदिवासात तो दहा-पंधरा वर्षे जगत असल्याने हा फरक लहान नाही. म्हणून खरेदीवेळी अंडी फुटल्याची तारीख विचारून घ्यावी.

घरी मोजमाप करताना प्राणी पाण्याबाहेर काढू नये. कल्ले नाजूक असतात. उथळ पारदर्शक डब्याखाली पट्टी ठेवून वरून छायाचित्र घेतले की पुरते. शेपटीचे टोक तुटलेले असू शकते, म्हणून नाकापासून अवस्करापर्यंतचे अंतरही नोंदवावे. पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे. ऊन पाण्यात भूक आधी वाढल्यासारखी दिसते, पण २४ अंशांपुढे प्राणी ताणाखाली येतो आणि खाणे सोडतो.