औषध सापडल्यानंतर

रोज गोळ्या घ्यायच्या, बारा आठवडे घ्यायच्या, आणि शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण या विषाणूपासून मोकळे होतात. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही औषधांनी आटोक्यात राहतात, शरीरातून सहसा जात नाहीत. हिपॅटायटिस सी जातो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता, त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात, आणि त्या एका वर्षात सुमारे २ लाख ४२ हजार माणसे त्यापायी दगावली. बऱ्या होणाऱ्या आजाराने इतकी माणसे का मरतात, या प्रश्नाभोवती हे अभ्यासक्षेत्र उभे आहे. तो एकट्या यकृततज्ज्ञाला सुटण्यासारखा नाही. तुम्ही समाजशास्त्रातून आला असाल, कायद्यातून, परिचर्येतून किंवा प्रयोगशाळेच्या टेबलावरून उठून आला असाल, तरी इथे तुमच्यासाठी काम आहे.

शोधाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र सविस्तर मिळतो. रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या बऱ्याच काविळी ए विषाणूच्याही नाहीत आणि बीच्याही नाहीत, हे अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले. खरा गुन्हेगार १९८९ मध्ये हाती लागला. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्या सहकार्याने, विषाणू डोळ्यांनी न पाहताच, त्याच्या जनुकीय तुकड्यावरून तो ओळखला. २०२० चे नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळाले. चू आणि कुओ यांना वगळले म्हणून हॉटन यांनी २०१३ मध्ये कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार नाकारला होता; नोबेल त्यांनी घेतले. विज्ञानातल्या श्रेयाचा अभ्यास करणाऱ्याने या जागी जरूर थांबावे.

आपल्याकडे कावीळ म्हटले की डोळे पिवळे, तेलकट बंद, उसाचा रस आणि कुणीतरी सांगितलेले गावठी औषध. हे चित्र पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई विषाणूंचे आहे. त्या काविळी बहुतेक वेळा आपल्या आपण उतरतात आणि श्रेय औषधवाल्याला मिळते. सी विषाणू सुरुवातीला क्वचितच डोळे पिवळे करतो. तो वीस-वीस वर्षे गप्प बसतो. जुनाट संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना त्या काळात यकृताचा सिरॉसिस होतो. त्यामुळे माणूस आजारी पडून दवाखान्यात येतो आणि निदान होते, हा नेहमीचा क्रम इथे मोडतो. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन येतो, किंवा बाळंतपणाआधीच्या, हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत कागदावर ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ उमटते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी रुग्ण झालेला असतो.

माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम याच कागदाभोवती आहे. पहिली चाचणी अँटीबॉडीची. विषाणू कधीतरी येऊन गेला एवढेच ती सांगते. संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीराने तो उपचाराविना घालवलेला असतो. आज तो रक्तात आहे का, हे आरएनएची चाचणी सांगते, जिला रुग्ण ‘व्हायरल लोड’ म्हणतात. या दोन चाचण्यांच्या मध्ये माणसे गळतात. कुणाला दुसऱ्या दिवशीची मजुरी सोडवत नाही, कुणाला काहीच त्रास होत नसल्यामुळे पुन्हा जावेसे वाटत नाही. काहींना पहिल्याच कागदाची धास्ती बसते. शिवाय उपचारांनी विषाणू गेला तरी अँटीबॉडी वर्षानुवर्षे राहते. आखाती देशांच्या व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत हिपॅटायटिस सीची चाचणी असते. निर्णय अँटीबॉडीवरच झाला, तर रत्नागिरीहून नोकरीसाठी निघालेला पूर्ण बरा झालेला तरुणही अपात्र ठरू शकतो. शरीर सुटले, कागद सुटला नाही. याला वैद्यकीय प्रश्न म्हणायचे की कायदेशीर?

घरातला प्रश्न वेगळाच असतो: हे आले कुठून? नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागतात. ताट-वाटी वेगळी होते. वास्तविक हा विषाणू जेवणातून, मिठी मारण्याने, एका घरात राहण्याने पसरत नाही, आणि पती-पत्नींमध्ये संबंधांतून तो क्वचितच जातो. तो रक्तातून जातो: पुन्हा वापरलेली सुई, निर्जंतुक न केलेली उपकरणे, तपासणी सुरू होण्याआधी चढवलेले रक्त, डायलिसिस, नशेसाठी वाटून घेतलेली सिरिंज. साध्या तापालाही ‘डॉक्टर, एक सुई द्या’ म्हणणाऱ्या समाजात दोष एखाद्या माणसाच्या माथी मारणे सोपे असते.

उपचारांचाही जुना धाक आहे. इंटरफेरॉनच्या काळात जवळजवळ वर्षभर इंजेक्शने, तापाची कणकण आणि मनाला ग्रासणारे नैराश्य सोसून साधारण निम्मे रुग्ण बरे होत. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुव्हिरला परवानगी मिळाली, किंमत एका गोळीला १,००० डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले आणि किंमत कोसळली. पुढे ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशातले रुग्ण ही गोळी घ्यायला भारतात येऊ लागले. त्याच काळात भारतीय पेटंट कार्यालयाने जानेवारी २०१५ मध्ये या औषधाचा एक अर्ज फेटाळला आणि मे २०१६ मध्ये पेटंट दिले. कायद्याच्या विद्यार्थ्याला या दोन तारखांमध्ये प्रबंधाचा विषय सापडेल.

नवा अभ्यासक बहुधा इजिप्तकडे धावतो, आणि ते उदाहरण आहेच तसे. बिल्हार्झिया या परजीवी रोगावरच्या सरकारी इंजेक्शन मोहिमांतून तिथे हा विषाणू पसरला, आणि २०१८-१९ मध्ये त्याच देशाने सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली. पण आपल्या वाचकाने आधी पंजाब वाचावा. जिथे लोक या आजाराला ‘काला पीलिया’ म्हणतात, तिथे जून २०१६ पासून राज्य सरकारने मोफत उपचार सुरू केले, तेही जिल्हा रुग्णालयांतल्या सामान्य फिजिशियनच्या हातून. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने त्यांना शिकवले. यकृताची स्थिती महागड्या यंत्राऐवजी साध्या रक्ततपासण्यांच्या सूत्रावरून ठरवली. ४८ हजारांहून अधिक रुग्णांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर निघाले. तज्ज्ञांची वाट पाहत बसले असते तर त्यांतले किती जण उरले असते, हा हिशेब मनात करून पाहावा. २८ जुलै २०१८ रोजी देशभरासाठी हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

बरे झाल्यानंतरचा भाग मात्र अजून पोरका आहे. सिरॉसिस झालेल्याला विषाणू गेल्यावरही कर्करोगाच्या शक्यतेमुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते. लस नाही, आणि एकदा बरे झाल्याने पुन्हा संसर्ग होत नाही असेही नाही. ‘आता बरे झालो’ म्हणून गेलेल्या माणसाला परत कसे बोलवायचे, यावर इथल्या तरुणांनी काम करावे अशी माझी इच्छा आहे.

पुढे वाचण्याआधी एक विनंती. जुन्या काळी रक्त घेतले असेल, डायलिसिस झाले असेल, गोंदवून घेतले असेल किंवा नुसती शंका असेल, तर तुमची स्वतःची चाचणी करून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सरकारी केंद्रांवर चाचणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. पहिला कागद पॉझिटिव्ह आला, तर दुसरी चाचणी चुकवू नका.