पितळी बकलावरचे देवाचे नाव

युद्धांचा इतिहास राजांच्या फर्मानांत आणि तहांच्या कलमांत लिहिलेला असतो, तसाच तो सामान्य शिपायाच्या कमरेवरील पितळेच्या लहानशा तुकड्यावरही उमटलेला असतो. युरोप-अमेरिकेत जुन्या लढायांचे पुनर्दर्शन घडवणारी अनेक हौशी मंडळे आहेत. ठरलेल्या दिवशी माळावर तंबू ठोकून आणि त्या त्या काळचा गणवेश चढवून ही मंडळी इतिहास डोळ्यांपुढे उभा करतात. टोपीवरचा बिल्ला, कोटाची बटणे, कमरपट्ट्याचे बक्कल हे सारे त्यांना काळाबरहुकूम हवे असते. मूळ वस्तू दुर्मीळ, शिवाय चिखलात वापरून त्या खराब करायच्या नसतात. म्हणून त्यांच्या पितळी प्रतिकृती घडवण्याचा एक व्यवसायच उभा राहिला असून आपल्या भारतातही अशा वस्तू तयार होतात. यांपैकी एका बकलाचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो, कारण त्यावर देवाचे नाव आहे.

१८४७ साली प्रशियाच्या सैन्यात शिपायांसाठी नवे बक्कल आले. चौकोनी पितळी पत्रा, मधोमध पांढऱ्या धातूची गोल चकती, चकतीवर राजमुकुट आणि त्यावर कमानीसारखे तीन जर्मन शब्द : 'गॉट मिट उन्स', म्हणजे 'देव आम्हांबरोबर'. ख्रिस्ती माणसाला हा अर्थ परका नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला लावलेल्या 'इम्मानुएल' या नावाचा अर्थ नेमका हाच. आगमनकाळात आपण ज्या नावाने तारणाऱ्याची वाट पाहतो, तेच नाव ठशाखाली दाबून हजारो कमरपट्ट्यांवर चढले.

ही घोषणा बकलाहूनही जुनी आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली ब्रायटनफेल्डच्या रणांगणावर स्वीडनचा राजा गुस्टाव्ह आडोल्फ याच्या प्रोटेस्टंट सैन्याचा परवलीचा शब्द हाच होता. समोर कॅथलिक फौज होती आणि तीही प्रभूचेच नाव घेऊन लढत होती. पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मन शिपायासमोर पूर्व आघाडीवर उभा असलेला रशियन शिपाई ज्या साम्राज्यासाठी लढत होता, त्याच्या थोर राजचिन्हावरही 'देव आम्हांबरोबर' हेच शब्द रशियन भाषेत होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटिश शिपायाच्या पितळी बकलावरही 'देव आणि माझा हक्क' हे राजघराण्याचे ब्रीद दिसते. एकाच पित्याची लेकरे एकमेकांवर नेम धरून उभी होती आणि प्रत्येकाने पित्याला आपल्याच खंदकात कोंडले होते.

त्या वर्षीच्या ७ डिसेंबरला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी निदान नाताळापुरती शस्त्रे खाली ठेवावीत, असे आवाहन केले. सरकारांनी ते मानले नाही. तरीही नाताळच्या दिवशी फ्लँडर्समध्ये कित्येक ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन शिपाई आपण होऊन खंदकांबाहेर आले. तंबाखू, बटणे, बिल्ले आणि बकले यांची देवघेव झाली. 'देव आम्हांबरोबर' हे शब्द शत्रूच्या हाती भेट म्हणून गेले. त्या बकलाला आपला खरा अर्थ सापडला, तो त्या काही तासांत, असे आम्हांस वाटते.

पुढे युद्धाची भूक वाढली. काडतुसांना आणि तोफगोळ्यांच्या नळकांड्यांना पितळ हवे होते, म्हणून १९१५ पासून बकले पोलादी पत्र्याची निघू लागली आणि त्यांना करडा रंग दिला जाऊ लागला. १९१७ साली तर जर्मनीतील चर्चच्या घंटाही उतरवून वितळवण्यात आल्या. ज्या घंटा देवाच्या नावाने माणसांना एकत्र बोलावीत, त्यांचा धातू माणसे मारण्याच्या कामी आला. बकलावरचे शब्द मात्र तसेच राहिले.

आता प्रतिकृतींविषयी थोडे. मूळ बक्कल पोलादी ठशांमध्ये पत्रा दाबून घडवलेले असे, त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण उमटत. स्वस्त प्रतिकृती बहुधा ओतीव असते. मूळ वस्तूवरून साचा घेऊन त्यात पितळ ओतले, की थंड होताना धातू आकसतो. नक्कल किंचित लहान भरते, कडा बोथट होतात, वजनही वेगळे लागते. जाणकार हात या खुणांवरून अस्सल आणि नक्कल ओळखतो. प्रामाणिक कारागीर आपल्या मालावर प्रतिकृती असल्याची खूण उमटवतो. लबाड व्यापारी ती खूण घासून टाकतो, रसायनांनी पितळ काळवंडवतो आणि 'रणांगणावर सापडलेली वस्तू' म्हणून ती विकतो. पहिला स्मृतीची सेवा करतो, दुसरा मेलेल्यांच्या नावाने खोटी साक्ष देतो. आठव्या आज्ञेचा भंग पितळेतही होऊ शकतो.

या बकलाचा सर्वांत काळा अध्याय १९३६ नंतरचा. हिटलरच्या सैन्याने बकलावर स्वस्तिक धरलेला गरुड बसवला, पण 'गॉट मिट उन्स' हे शब्द ठेवले. ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड गावचा कॅथलिक शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने १९४० ते १९४१ च्या दरम्यान याच सैन्यात काही महिने प्रशिक्षण घेतले होते. १९४३ च्या फेब्रुवारी महिन्यात पुन्हा बोलावणे आले, तेव्हा त्याने हिटलरसाठी लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्याने दाखवली, पण ती मान्य झाली नाही. घरी पत्नी होती, तीन लहान मुली होत्या. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रान्डेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. देव आपल्याबरोबर आहे, हे त्याला बकलाने सांगावे लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर उभारलेल्या पश्चिम जर्मनीच्या सैन्याने बकलावर 'एकता, न्याय आणि स्वातंत्र्य' हे शब्द घेतले. देवाचे नाव तेथून उतरले, याचे आम्हांस दुःख होत नाही. स्वस्तिकाचे जाहीर प्रदर्शन जर्मन कायद्याने गुन्हा ठरते. शिक्षण, संशोधन आणि कला यांना मात्र त्यात सवलत आहे. त्यामागचा विचार प्रतिकृती वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावा असा आहे. गुड फ्रायडेला आपल्या धर्मग्रामांतून प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य होते, तेव्हा कोणाला तरी रोमी शिपायाचा वेश चढवावाच लागतो. तो वेश रोमची बाजू घेण्यासाठी नसतो, आपल्याच हातून काय घडले ते पाहण्यासाठी असतो. जुने बक्कल कमरेला बांधणाऱ्यानेही त्यावरचे तीन शब्द तसेच वाचावेत. देव आमच्याबरोबर आहे, असा दावा करण्यापूर्वी आपण देवाबरोबर आहोत की नाही, हे प्रत्येक पिढीने आणि प्रत्येक राष्ट्राने स्वतःला विचारले पाहिजे.