खांद्याचा कृत्रिम सांधा : एक ऐतिहासिक मागोवा

गुडघा बदलला, खुबा बदलला, हे आज घरोघरी ऐकू येते. खांदा बदलल्याचे मात्र क्वचितच कानी पडते. म्हणूनच या शस्त्रक्रियेचा इतिहास १८९३ पर्यंत मागे जातो हे वाचून वाचकांस आश्चर्य वाटेल. तो सुरू होतो तोच मुळी हाड नष्ट झालेल्या एका रुग्णापासून.

पॅरिसचे ख्यातनाम शल्यविशारद ज्यूल-एमिल पेआँ यांच्याकडे पाव भाजण्याचा व्यवसाय करणारा ३७ वर्षांचा एक रुग्ण आला. क्षयाने त्याच्या दंडाच्या हाडाचा वरचा भाग पोखरला होता. हात खांद्यातून कापून टाकणे हा त्या काळचा मार्ग. त्यास त्याने ठाम नकार दिला. तेव्हा पेआँ यांनी मायकेल्स नावाच्या दंतवैद्याकडून प्लॅटिनमचा दांडा आणि पॅराफिनमध्ये उकळून कठीण केलेल्या रबराचा गोळा असा सांधा करवून घेतला. (दंतवैद्याने खांदा घडवावा हे गमतीचे खरे, पण धातू आणि रबर शरीरात बसविण्याचा सराव तेव्हा त्यांनाच अधिक होता.) सुमारे दोन वर्षे हाताने साथ दिली. पुढे जंतुसंसर्गाने डोके वर काढले आणि सांधा काढावा लागला.

त्यानंतर सहा दशके या क्षेत्रात फारसे काही घडले नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स नीर यांना प्रश्न पडला तो अपघातग्रस्तांमुळे. दंडाच्या हाडाचे डोके फुटून निखळले की ते काढून टाकीत; हात दुबळा होई आणि वेदना राहत असे. नीर यांनी त्या जागी व्हायटॅलियम या मिश्रधातूचे डोके बसविले व १९५५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पण धातूचे डोके कितीही नीट बसले, तरी ज्या दोन उंचवट्यांना खांदा फिरविणारे स्नायू चिकटलेले असतात, ते जुळून न आल्यास हात वर जात नाही. वृद्धांच्या ठिसूळ हाडात ते पुष्कळदा जुळत नाहीत.

फ्रान्समधील दिजों येथील पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये ही रचनाच उलटी केली. गोळा खांद्याच्या फऱ्यावर आणि वाटी दंडावर! त्यामुळे सांध्याचा फिरण्याचा बिंदू आत व खाली सरकला आणि खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू जवळजवळ एकट्याने हात उचलू लागला. अमेरिकेत या सांध्यास २००३ मध्ये मान्यता मिळाली.

तथापि जुन्या अस्थिभंगानंतर दंडाचे हाड काही सेंटिमीटर झिजून गेले असेल तर हा उपायही अडतो. दंड आखूड झाला की डेल्टॉइड सैल पडतो व सांधा निखळतो. दांड्याला वरून आधार नसल्याने तोही ढिला होतो. म्हणून निरोगी हाताचे क्ष-किरण चित्र घेऊन लांबी मोजतात आणि उणीव दात्याच्या हाडाने किंवा धातूच्या जोडतुकड्याने भरून काढतात. फऱ्याकडील खोबण झिजली असल्यास रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा घालता येतो. पूर्वीच्या पट्ट्या-स्क्रूंभोवती छुपा संसर्ग नाही ना, याची खात्री आधी करावी लागते. पेआँ यांचा शत्रू अद्याप जिवंत आहे.

दात्यांच्या अस्थी गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवणारी ऊतीपेढी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये सुरू झाली, ही आपल्याकडील मोलाची नोंद होय.

अशा रुग्णास काय सांगावे? वेदना बहुधा पुष्कळ कमी होते, घास तोंडापर्यंत नेता येतो. उंच फळीवरचा डबा मात्र कदाचित दुसऱ्यालाच काढून द्यावा लागेल.