बालदमा आणि वारंवारचे श्वसनसंसर्ग

दमा असलेल्या मुलाला सर्दी वरचेवर होणे आणि प्रत्येक सर्दी छातीत उतरून घरघर, धाप व रात्रीचा खोकला मागे ठेवून जाणे, या स्थितीची ही नोंद. शाळा उघडून पाऊस सुरू झाला की आणि पुन्हा दिवाळीनंतरच्या थंडीत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ही तक्रार सतत ऐकू येते. पालक ती बहुधा ‘याची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ अशा शब्दांत मांडतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरे नसते. त्या समजुतीपायी टॉनिके, अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स, दही-केळे बंद, खेळ बंद असे बरेच काही होते आणि मूळ आजारावरचा उपाय मात्र राहून जातो.

निरोगी लहान मुलालाही वर्षाकाठी ६ ते ८ वेळा सर्दी होते; पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्याला १० ते १२ वेळाही होऊ शकते. एक सर्दी ७ ते १० दिवस चालते, तिचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि यातल्या बऱ्याच सर्द्या वर्षातल्या मोजक्या महिन्यांतच येतात. त्यामुळे एक संपण्याआधी दुसरी सुरू होते आणि मूल सदा आजारीच दिसते. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६ जोडपी निवडली होती. प्रत्येकात एकाला दमा, दुसरा निरोगी. सर्दीच्या मुख्य विषाणूची, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसची लागण दोघांना सारख्याच वेळा झाली. पण दमा असलेल्याच्या छातीतला त्रास अधिक तीव्र होता आणि अधिक दिवस टिकला. अभ्यास प्रौढांचा असला, तरी मुलांच्या दवाखान्यात जे रोज दिसते त्याच्याशी तो जुळतो. भावाला आणि बहिणीला एकच सर्दी होते. एकाची नाकातच संपते, दुसरीची छातीत जाते.

असे होण्याचे कारण श्वासनलिकांच्या अस्तरात आहे. दम्यात या अस्तराला कायमची सूज असते, मूल हसत-खेळत असतानाही. अशा अस्तरात विषाणू शिरला की त्याला रोखणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिने काही रुग्णांत कमी आणि उशिरा तयार होतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. सूज वाढते, नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, चिकट कफ साचतो. मुलाच्या नलिका मुळातच बारीक. नळीची रुंदी निम्मी झाली, तर हवेच्या प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होतो. शाळकरी मुलांमध्ये दमा उफाळण्याच्या दर पाच प्रसंगांपैकी सुमारे चार प्रसंगी विषाणू सापडतो; तान्ह्या मुलांत श्वसनमार्गाचा सिंशियल विषाणू, म्हणजे आरएसव्ही, अधिक आढळतो.

घरात याचे रूप बहुधा ठरलेले असते. पहिले दोन दिवस नाक वाहते, शिंका येतात. तिसऱ्या रात्री खोकला सुरू होतो, पहाटे त्याची उबळ येते, मूल पांढरा चिकट कफ उलटीतून टाकते आणि मग झोपी जाते. सकाळी ते ठीक दिसते, म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो. पायऱ्या चढताना, हसताना, रडताना पुन्हा खोकला. ताप असलाच तर थोडा. न्यूमोनियात ताप सहसा जास्त असतो, मूल मलूल होते, छातीच्या एका भागातच आवाज बदलतो. दम्यातली घरघर दोन्ही बाजूंना ऐकू येते आणि श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने काही मिनिटांत कमी होते. एक्स-रेमुळे मात्र घोटाळा होऊ शकतो. कफाच्या गुठळीने एखादी नलिका बुजली की फुप्फुसाचा तेवढा तुकडा मिटतो आणि चित्रात पांढरा डाग दिसतो. बऱ्याच मुलांच्या फाइलमध्ये ‘न्यूमोनिया’ असे तीन-चारदा लिहिलेले असते. त्यातले काही प्रसंग दम्याचेच असतात.

सर्दीच्या विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून जीवाणूंची लागण ठरत नाही. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो. कोर्सच्या पाचव्या दिवशी मूल बरे वाटू लागते, कारण सर्दी तेव्हा आपोआप ओसरत असते, आणि श्रेय औषधाला जाते. पुढच्या वेळी आई-वडील तेच औषध मागतात.

उपचाराचा कणा म्हणजे रोज घ्यायचे, श्वासातून जाणारे अल्प मात्रेचे स्टेरॉइड. बेक्लोमेथासोन १९७२ पासून या रूपात वापरात आले. बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन त्यानंतरची. ही औषधे विषाणूला मारत नाहीत, अस्तराची सूज उतरवतात. सर्दी तितक्याच वेळा झाली, तरी ती छातीत उतरण्याचे प्रमाण घटते. पालकांच्या मनातल्या दोन भीती मात्र टाळून चालणार नाही. पंपाची सवय लागते ही पहिली. तिला आधार नाही. औषध थांबवल्यावर त्रास परत येतो, कारण दमा अजून आहे. दुसरी भीती उंचीची, आणि तिच्यात थोडे तथ्य आहे : अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात बालपणी काही वर्षे बुडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. दर महिन्याला तोंडावाटे स्टेरॉइडचा कोर्स घ्यावा लागणे, रात्री जागून काढणे आणि शाळा बुडणे यांच्या तुलनेत ही किंमत लहान आहे. तरीही ती पालकांना आधीच सांगायला हवी. दमा बिघडण्याची चाहूल लागताच रोजचा डोस पाचपट करण्याचा उपाय ५ ते ११ वर्षांच्या मुलांत तपासला गेला. २०१८ साली आलेल्या निष्कर्षात त्याने दौरे कमी झाले नाहीत. गरजेपुरत्या सालब्युटामॉलच्या पंपाने लगेच आराम पडतो, पण सूज तशीच राहते. तो वारंवार लागणे हीच आजार आटोक्यात नसल्याची खूण. मॉन्टेलुकास्टच्या गोळीने काही मुलांत चिडचिड, वाईट स्वप्ने, वागण्यात बदल दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याविषयी ठळक इशारा दिला.

औषध योग्य असूनही गुण येत नसेल, तर आधी ते कसे दिले जाते हे पाहावे. पंप थेट तोंडात मारला, तर बरेचसे औषध घशाला चिकटते. म्हणून मुलांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे, हवाच, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मास्कसह, पुढे तोंडात धरायच्या नळीने. पंप हलवावा, स्पेसरला जोडावा, मास्क नाका-तोंडावर फट न राहता बसवावा, एकदाच दाबावे आणि मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यावेत. दुसऱ्या मात्रेसाठी पंप पुन्हा हलवावा. दोन दाब एकदम मारू नयेत. रडत्या मुलाला दाबून धरून दिलेले औषध फारसे आत जात नाही. आधी बाहुलीला मास्क लावून दाखवला की मूल पुष्कळदा स्वतःहून तोंड पुढे करते. नंतर चूळ भरायला लावावी, मास्क असेल तर तोंड पुसावे. स्पेसर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवावा आणि तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध भिंतीलाच चिकटते. सौम्य व मध्यम दौऱ्यात स्पेसर नेब्युलायझर मशीनच्या वाफेइतकाच उपयोगी पडतो.

सर्दी लागल्यावर काय करायचे, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे, त्याची एक प्रत शाळेत द्यावी आणि आराम देणारा पंप दप्तरात ठेवावा. रोजचे औषध सर्दीत बंद करू नये. तीच त्याच्या कामाची वेळ. बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खळगे पडणे, पोट उडणे, वाक्य पुरे करता न येणे, तान्ह्याने दूध सोडणे, ओठ निळसर होणे, मूल गुंगीत जाणे, पंप देऊनही काही मिनिटांत फरक न पडणे : यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा किंवा सरळ रुग्णालय गाठावे. वाटेत स्पेसरने सालब्युटामॉल देत राहावे. धाप तशीच असून घरघर थांबली, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये. हवाच आत जात नसल्याने तो आवाज थांबलेला असू शकतो.

घरातल्या हवेकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. चूल, विडी-सिगारेट, उदबत्ती, धूप यांचा धूर अस्तराला डिवचतो आणि विषाणूला वाट करून देतो. मच्छर कॉइलच्या एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झाले. बंद खोलीत ती रात्रभर उशाशी जळते. मच्छरदाणी हा सोपा पर्याय आहे. तान्ह्याला ओवा-शेपांची धुरी देण्याची पद्धत मायेपोटी आलेली असली, तरी घरघर होणाऱ्या बाळाला ती देऊ नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफारा देताना मुले भाजतात, आणि त्याने दमा कमी होत नाही. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी पुसावी, गोधड्या-उशा उन्हात टाकाव्यात, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. दही, केळे, आंबट सरसकट तोडून वाढत्या मुलाचा आहार मात्र बिघडतो. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला जिवंत माशातून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी महाराष्ट्रातूनही कुटुंबे जातात. त्याचा गुण सिद्ध झालेला नाही. त्याच्या भरवशावर पंप ऐन पावसाच्या तोंडावर बंद करणे धोक्याचे.

संसर्ग पूर्ण टाळता येत नाही, थोडा कमी करता येतो. साबणाने हात धुणे, खिडक्या उघड्या ठेवणे, सर्दी झालेल्या मोठ्यांनी मुलाच्या तोंडाजवळ न जाणे यांचा उपयोग होतो. सहा महिन्यांवरील दमा असलेल्या मुलाला फ्लूची लस दरवर्षी द्यावी. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्याच वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. न्यूमोकोकसची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि आता सरकारी केंद्रावर मोफत मिळते. घरातल्या मोठ्यांनीही फ्लूची लस घेतली तर मुलाला संरक्षण वाढते.

काही मुलांत खरोखर दुसरेच काही असते. वर्षात दोन किंवा अधिक वेळा ठाम निदान झालेला न्यूमोनिया, वजन न वाढणे, सतत वाहणारा कान, वारंवार गळवे, कुटुंबात तान्ही मुले दगावल्याचा इतिहास असेल, तर प्रतिकारशक्तीच्या तपासण्या कराव्यात. शेंगदाणे खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून एकाच बाजूला घरघर असेल, तर दाणा नलिकेत अडकल्याचा संशय घ्यावा; दुर्बिणीने तो काढला की ‘दमा’ जातो. दोन आठवड्यांहून अधिक ताप-खोकला आणि घटते वजन असेल, तर क्षयाची तपासणी करावी. सतत चोंदलेले नाक, घोरणे, तोंडाने श्वास असेल तर नाकाची अॅलर्जी आणि अॅडेनॉइड पाहावेत. नाक सुधारले की छातीही पुष्कळदा शांत होते.

अॅरिझोनातील ट्युसॉन येथे १९८० पासून जन्मतः नोंदलेल्या मुलांच्या अभ्यासात तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची घरघर सहाव्या वर्षी उरली नव्हती. एक्झिमा असलेल्या आणि आई किंवा वडिलांना दमा असलेल्या मुलांत ती टिकण्याचा संभव जास्त. तीन महिने त्रास नसेल, रात्री शांत जात असतील आणि मूल मनसोक्त खेळत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजच्या औषधाची मात्रा एक पायरी खाली आणता येते. त्यासाठी जून-जुलै किंवा दिवाळीचे दिवस निवडू नयेत. परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागल्यावर, घरात कोणालाही सर्दी नसताना ती कमी करावी.